तेल गाळायचं फडकं

मी आयुष्यात एकच वस्तू सांगितलेल्या किमतीला घेतली. ती एक जुनी जर्मन मोटार होती, आणि ती घेताना मला मान वर करता आली नाही.

एरवी भाजी असो, कोळसा असो, घराची जागा असो, घासाघीस केल्याशिवाय मी कनवटीला हात घातला नाही. अव्हेन्यू रोडवरचे व्यापारी मला लांबून येताना पाहत आणि भाव आधीच चढवून ठेवत. मी तो उतरवायचा, त्यांनी कपाळाला हात लावायचा आणि शेवटी दोघांनी एकाच किटलीतली कॉफी प्यायची, असा आमचा रिवाज होता. त्या गाडीचा विषय मात्र घरात निघाला की मी काहीतरी निमित्त काढून उठत असे. बायको म्हणायची, "बसा की, कुठं चाललात?" मला त्या खोलीत बसवत नसे.

आमचं गाव माणदेशातलं. तिकडच्या पोरांनी मिसरूड फुटायच्या आत परमुलूख गाठायचा आणि गलाईच्या भट्टीवर बसायचं, अशीच रीत होती. गलाई म्हणजे जुने दागिने, तुकडे, कीस वितळवून त्यातलं सोनं-चांदी शुद्ध करून द्यायचं. मी बेंगळुरूला आलो तो गाववाल्याच्या दुकानात भाता ओढायला. कन्नड येत नव्हतं आणि दुकानाबाहेर मराठी बोलायला माणूस नव्हता. पुढं नगरथपेठेच्या मागल्या बोळात स्वतःची भट्टी टाकली आणि धाकट्या भावाला गावाहून बोलावून घेतलं. तोवर मी 'स्वल्प कमी करा' असं कन्नडात आणि मराठीत एका दमात म्हणायला शिकलो होतो.

आमच्या धंद्यात काही फेकत नाहीत. जमिनीवरची धूळ झाडून डब्यात ठेवायची. झाडू झिजला की तोही ठेवायचा. हात पुसायची फडकी भट्टीपाशी खुंटीला असतात, ती वर्षभर धुवायची नाहीत. दिवाळीच्या आधी ती सगळी जाळायची, राख मुशीत घालायची, म्हणजे मातीच्या त्या छोट्या भांड्यात, वर टाकणखार टाकायचा आणि फुंकायचं. राखेत दडलेला धातू तळाला गोळा होऊन बसतो. वर्षभर डोळ्यांना न दिसलेली चांदी तिथं दिसते. माझा सगळा विश्वास या एका गोष्टीवर होता. माणूस खोटं बोलेल, पण जाळल्यावर तळाला जे राहतं ते खोटं बोलत नाही.

आणि माणसं आमच्याविषयी काय बोलत, तेही सांगतो. सराफाच्या पेढीवर काम करून निघालं की दाराशी पाण्याचं घंगाळ असे. त्यात हात धुऊनच बाहेर पडायचं, कारण हाताला लागलेली कणी त्यांची. रीत म्हणून मला त्याचं काही वाटलं नसतं. पण ते 'हात धुऊन जा' ज्या आवाजात म्हणत, तो आवाज मला आवडत नसे. एकदा एका पेढीवर वजनात फरक आला, तर मालकानं चारचौघांत मला धोतराचा काचा सोडून झटकायला लावला. फरक त्यांच्याच तराजूत निघाला. त्यांनी 'सरी सरी, जाऊ द्या' म्हटलं आणि पानाचा डबा पुढं केला. मी पान घेतलं नाही. तो काचा माझ्या मनात कायम सुटलेलाच राहिला.

धाकट्याला असला राग धरता येत नसे. तो हसून सोडून द्यायचा. पण त्याच्या छातीला तेजाबाचा धूर सोसला नाही. चांदी-सोनं वेगळं करायला तेजाब उकळावं लागतं, तेव्हा पिवळा धूर निघतो. मी तो वर्षानुवर्षं गिळला आणि मला काही झालं नाही. तो मात्र खोकायला लागला. आधी हिवाळ्यात, मग बारा महिने. डॉक्टरांनी त्याच्या पाठीला कान लावला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "याला भट्टीपासून उठवा. औषधानं हे थांबायचं नाही."

उठवायचं, पण बसवायचं कुठं? त्याला दुसरं एकच काम येत होतं. कोळशाच्या वखारीतल्या ड्रायव्हरशी दोस्ती करून तो लॉरी चालवायला शिकला होता. मी ठरवलं, त्याला टॅक्सी घेऊन द्यायची. मैसूरची, नंदीच्या डोंगराची गिऱ्हाइकं, लग्नाची वऱ्हाडं, हॉटेलात उतरलेले परगावचे व्यापारी, काम भरपूर होतं. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. म्हणजे जुनीच घ्यायची, आणि ती माझ्या भट्टीच्या सगळ्या शिलकीतून. अशी गाडी महिनाभरात बसली तर दुसरी घ्यायची ऐपत नव्हती. धाकटा परत भट्टीपुढं येऊन बसला असता. डॉक्टरांनी मला काय सांगितलं ते मी त्याला बोललो नव्हतो. त्याला ते कळलं असावं, कारण त्यानं विचारलं नाही.

मी महिनाभर गाड्या पाहिल्या. गाड्यांतलं मला काही कळत नव्हतं, पण विकणारे कळत होते. जुन्या मालाच्या गुजरीतल्या दलालांशी चहा पिता पिता मी शिकून घेतलं. गाडी बघायला सकाळी लवकर जायचं, आणि गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं, मालकानं आधीच चालू करून ठेवली आहे, थंड इंजिन त्याला दाखवायचं नाही. मागच्या नळीत बोट फिरवायचं. कोरडी काजळी निघाली तर ठीक, चिकट तेलकट निघाली तर इंजिन तेल पितंय. पायाखालच्या पेडलचं रबर बघायचं, कारण मैलांचे आकडे मागं फिरवता येतात, पण झिजलेलं रबर भरून येत नाही. दार अर्धं उघडून वर उचलून बघायचं. बिजागरी झिजली असेल तर दार हातात खेळतं.

हे सगळं कोणीही करतो. माझी स्वतःची एक युक्ती होती आणि तिचा मला फार अभिमान होता. इंजिनात आतून जे झिजतं ते तेलात उतरतं. तेल काढायचं, फडक्यातून गाळायचं, फडकं जाळायचं, राख मुशीत फुंकायची. तळाला शिसं-कथील बसलं तर बेअरिंग गेलं, पितळ बसलं तर बुश गेला. मी सोनाराच्या धुळीतून सोनं काढणारा माणूस. इंजिन न उघडता मला त्याचं पोट कळणार होतं. दोन गाड्यांचे मालक तेल काढू द्यायला तयार झाले नाहीत, तेव्हा माझी खात्रीच पटली की युक्ती बरोबर आहे.

तिसरी गाडी मल्लेश्वरमला होती. मालक पुण्याकडचे, मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर. निवृत्त होऊन गावी परत जाणार होते. गाडी आधी एका जर्मन तज्ज्ञाची. तो मायदेशी जाताना त्यांना देऊन गेला. चार दारांची, काळी, जडशीळ गाडी, पोर्चमध्ये म्हशीसारखी निवांत उभी होती. मी नमस्कार करायच्या आधी बॉनेटवर हात ठेवला. थंडगार होतं.

साहेब म्हणाले, "मैल भरपूर झालेत, ते आधीच सांगतो. आकडे एकदा पूर्ण फिरून पुन्हा शून्यावर आलेत. त्या जर्मनानं अख्खा दक्षिण हिंदुस्थान पालथा घातलाय हिच्यातून. पण इंजिन उत्तम आहे. वेळेवर तेल बदललंय, उघडायची वेळ आलेली नाही."

दुसरा कोणी हे ऐकून खूष झाला असता. माझा नियम असा होता की विकणारा एक खोट आपण होऊन सांगतो, तेव्हा तो दुसरी मोठी खोट लपवत असतो. मी धाकट्याकडे पाहिलं. तो गाडीकडे पाहत होता. गिऱ्हाइकानं वस्तूकडे ज्या नजरेनं कधीही पाहू नये, तशा नजरेनं. मी त्याला कोपरानं ढोसलं.

"तोंड मीट," मी हळूच म्हणालो. "भाव वाढेल."

"अण्णा, स्टिअरिंगचं चाक तरी बघा, किती गुळगुळीत..."

"गुळगुळीत म्हणजे झिजलंय."

मग मी कामाला लागलो. नळीत बोट घातलं, कोरडं निघालं. पेडलचं रबर झिजलेलं होतं, पण त्यांनी सांगितलेल्या मैलांना शोभेल इतकंच. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता. धाकट्यानं गाडी चालू केली, पहिल्या झटक्यात लागली, धूर नाही. दोष असा काही निघेना, आणि दोष निघेना तसा मी चिडायला लागलो. पुढच्या डाव्या दाराच्या बिजागऱ्या तेवढ्या सैल होत्या. ते मी बोललो नाही. अशी एखादी गोष्ट शेवटच्या घासाघिशीसाठी राखून ठेवावी लागते.

"तेल काढून बघणार," मी म्हणालो. "नवीन तेलाचा खर्च माझा."

साहेबांनी भुवया वर केल्या. "काय शोधताय तुम्ही?"

"तुम्ही सांगितलं नाही ते."

धाकट्यानं मान खाली घातली. साहेब मात्र हसले. "काढा. मलाही बघू दे."

आम्ही खाली पथारी टाकून तेल परातीत काढलं. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले. मी पिशवीत दोन फडकी आणली होती. तेल गाळायला कोरी मलमल आणि हात पुसायला भट्टीजवळच्या खुंटीवरचं जुनं. मी मलमल काढून हातात घेतली, एवढ्यात साहेबांच्या बाई मागल्या दारानं आल्या. एका हातात साबणाची वडी, दुसऱ्या हातात पाण्याची बादली. माझ्यासमोर बादली ठेवून म्हणाल्या, "हात धुऊन घ्या."

बाईंना काय म्हणायचं होतं ते आता कोणालाही कळेल. हात काळे होते, साबण आणला होता. पण माझ्या कानांत पेढ्यांवरची घंगाळं वाजली. त्यांना ठाऊक होतं मी गलाईवाला आहे, मीच आल्या आल्या सांगितलं होतं.

"आम्ही चोर नाही, बाई," मी ओरडलो. "तुमच्या तेलात सोनं नाहीये हाताला चिकटायला! धुवायचे तेव्हा धुवीन!"

बाई बादलीपाशी तशाच उभ्या राहिल्या. शेजारच्या घराच्या कुंपणापलीकडून कोणीतरी डोकावलं. धाकटा पुढं झाला. "अक्का, मनावर घेऊ नका. त्यांचा आवाजच तसा आहे."

"तू मध्ये बोलू नकोस," मी म्हणालो, आणि रागानं हातातल्या त्या कोऱ्या मलमलीलाच दोन्ही हात खसाखसा पुसले. दाखवायचं होतं की मला कोणाच्या पाण्याची गरज नाही. मग पिशवीत हात घातला, जे फडकं हाताला लागलं ते काढलं आणि तेल त्यातून गाळलं.

राग आला की माझे हात चालतात, डोळे बंद होतात. हे माझी आई मी सात वर्षांचा असताना म्हणाली होती.

मागच्या अंगणात अंघोळीचा बंब पेटलेला होता. त्यातले निखारे मागून घेतले. फडकं जाळलं, तेलानं भडभडून पेटलं. राख मुशीत घातली, टाकणखार टाकला, मूस निखाऱ्यात बसवून फुंकणीनं फुंकायला लागलो. साहेब खुर्ची घेऊन बसले होते आणि मनापासून बघत होते. बाईही दारात येऊन उभ्या राहिल्या. कुंपणापलीकडची माणसं वाढली. मला ते बरं वाटलं. गिऱ्हाईक म्हणून मी दुसऱ्याच्या दारात बसलोय, माझ्या समोर त्याच्या मालाची परीक्षा चाललीय, आणि त्याला गप्प बसून बघावं लागतंय, असं आयुष्यात प्रथमच घडत होतं.

मूस लाल झाली. मी चिमट्यानं ती तिरकी केली आणि तळाला चमक दिसली.

"हे बघा!" मी उभाच राहिलो. "उत्तम इंजिन! कधी उघडलं नाही! बेअरिंग वितळून तेलात आलंय, आणि वर तोंड करून आम्हाला फसवता? शिकलेसवरलेले म्हणवता? आमच्यासारख्या अडाण्यांना काय कळतंय, असंच ना?" आणि बरंच. कुंपणाकडे तोंड करूनही बोललो. साहेबांचं हसू गेलं. ते खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला. काचा झटकताना माझा तसाच झाला असणार.

मी मूस फरशीवर उलटी केली. गुंजेएवढा रवा घरंगळला आणि थांबला.

शिसं निवलं की त्यावर साय धरते, ते मळकट होतं. हा रवा निवत चालला तसा जास्तच पांढरा झाला. शेवटी त्याच्या माथ्यावर एक बारीक फोड फुटली. निवताना असं थुंकते ती चांदी. हे मला कोणी शिकवायला नको होतं.

जगातल्या कुठल्या गाडीच्या इंजिनातून ती चांदी आली नव्हती. ती माझ्या खुंटीवरच्या फडक्यातून आली होती.

मला ते दिसलं. मी तोंड उघडलं. मी काय बोलणार होतो?

हीच माझी तक्रार आहे, आणि ती मी इतकी वर्षं सांभाळली आहे. मी काय बोलणार होतो हे मला कळायच्या आत धाकटा खाली वाकला, त्यानं तो रवा उचलून तळहातावर फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अण्णा, ही चांदी आहे. हे फडकं आपल्या भट्टीवरचं." मग साहेबांकडे वळून म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीत काही दोष नाही. चूक आमची झाली."

मला एक श्वास दिला असता तर मीच सांगितलं असतं. असं मी बायकोला म्हटलं, स्वतःलाही शेकडो वेळा म्हटलं. सख्ख्या भावानं परक्याच्या अंगणात, चारचौघांसमोर मला उघडं पाडलं. घरचं घरात ठेवायची रीत त्याला ठाऊक नव्हती का? पण तक्रार करता करता मला ते उघडलेलं तोंड आठवतं. त्या तोंडात कोणता शब्द आला होता? मला वाटतं तो गाडीचा भाव होता. निम्मा. मला वाटतं, पण शपथेवर सांगता येत नाही. आणि सांगता येत नाही याचीच लाज जास्त आहे.

कुंपणापलीकडे कोणीतरी खुदकन हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी धाकट्याच्या तळहातावरचा रवा चिमटीत घेऊन पाहिला, परत दिला. म्हणाले, "गाडी चालवणार कोण?"

"मी," धाकटा म्हणाला, आणि त्याला खोकला आला. बराच वेळ थांबेना. बाई आत जाऊन तांब्या घेऊन आल्या.

तो पाणी पिऊन होईपर्यंत साहेब थांबले. मग म्हणाले, "मग मी ती तुम्हाला विकतो. यांना नाही. सांगितलेल्या किमतीला. त्यात कमी होणार नाही."

पैसे माझ्या कनवटीला होते. मी काढले आणि धाकट्याच्या हातात दिले. त्यानं ते साहेबांना दिले. त्या दोघांच्या मधे मी नव्हतोच. माझ्या जिभेवर त्या डाव्या दाराच्या बिजागऱ्या आल्या होत्या. मी त्या गिळल्या.

बादली तशीच ठेवलेली होती. मी खाली बसून हात धुतले, साबण लावून, सावकाश. पाणी काळं झालं. बाई म्हणाल्या, "असू द्या, मी ओतते." त्यांचा आवाज पहिल्यासारखाच होता. म्हणजे पहिल्यांदाही तो तसाच असणार.

धाकट्यानं इंजिनात नवं तेल भरलं. घरी येताना मी गाडीत बसलो नाही. धाकटा संपिगे रोडच्या वळणापर्यंत माझ्या बाजूनं हळूहळू गाडी चालवत आला. मागून सायकलवाले घंटी वाजवत होते.

"अण्णा, बसा हो."

"मला काम आहे."

"इथं कसलं काम?"

"असतंय. तू जा."

तो गेला. मी पायी पेठेत आलो.

गाडी चांगली निघाली. मी चांगली म्हणतोय म्हणजे समजा. धाकटा मैसूरला जायचा, कोलारला जायचा, हॉटेलवाले त्याला नाव घेऊन बोलावत. मोकळ्या हवेत त्याचा खोकला हिवाळ्यापुरता उरला. त्यानं वेगळं बिऱ्हाड केलं, तेही माझ्या गल्लीतच. मी त्या गाडीत पाऊल ठेवलं नाही. लग्नकार्याला सगळी त्यातून जात, मी बसनं जायचो. लोकांना वाटे, मी काटकसरी आहे.

पहिल्यांदा तेल बदलल्यावर तो दुकानी आला. हातात कोऱ्या मलमलीची पुरचुंडी, तेलानं काळी झालेली. माझ्या पाटापाशी ठेवून म्हणाला, "अण्णा, जरा बघा."

मला वाटलं, टोमणा मारतोय. पुरचुंडी त्याच्या अंगावर फेकायला उचलली. पण त्याचा चेहरा हसरा नव्हता. तो भट्टीपासून लांब, दारात वाऱ्याला उभा होता. मी फडकं जाळलं, राख कोऱ्या मुशीत घातली, फुंकली. तळाला काही नव्हतं.

"काही नाही."

"बरं," म्हणून तो गेला.

मग दर वेळी तेल बदललं की तो पुरचुंडी आणू लागला. दर वेळी मी नवी मूस घ्यायचो. आम्ही दुसरं काही बोलत नसू. लहानपणी आम्ही दिवसभर बोलायचो.

पुढं सरकारनं सोन्यावर निर्बंध घातले. सोनारांची दुकानं ओस पडली आणि त्यांच्यामागं आमच्या भट्ट्या विझल्या. आमच्या बोळातली निम्मी माणसं गावी परतली. मी दुकान उघडून बसायचो, कारण घरी बसायची सवय नव्हती. घरात तांदूळ, डाळ, तेल मात्र संपत नव्हतं. बायको सांगत नव्हती आणि मी विचारत नव्हतो. एकदा दुपारी लवकर घरी गेलो, तर ती काळी गाडी दारात उभी होती आणि धाकटा मागच्या सीटवरून पोतं उचलत होता. मी बोळाच्या तोंडाशीच परत वळलो. माझं घर त्या गाडीवर चाललं होतं. मी जिला चारचौघांत खोटी ठरवली, तिच्यावर.

त्याच दिवसांत तो पुरचुंडी घेऊन आला. भट्टी थंड होती. महिना झाला, पेटवली नव्हती. तो दारातून म्हणाला, "राहू द्या अण्णा, एवढ्यासाठी कशाला कोळसा?"

मी उठून कोळसा घातला. पेटायला वेळ लागला. त्या वर्षी मी सगळ्यात जास्त भट्टी पेटवली असेल ती त्याच्या फडक्यासाठीच. फुंकता फुंकता मी त्याच्याकडे न बघता विचारलं, "त्या दिवशी तू थांबला असतास तर?"

कुठला दिवस, हे त्यानं विचारलं नाही.

"थांबलो असतो तर तुम्ही भाव बोलला असता," तो म्हणाला.

"कशावरून? मी सांगणारच होतो."

"असेल." त्यानं दाराच्या चौकटीला पाठ टेकली. मग म्हणाला, "पण बोलला असता तर, अण्णा? गाडी मला चालवायची होती. रोज चढायचं तिच्यात. तुमच्या त्या भावानं घेतलेल्या गाडीत मला मोकळा श्वास आला नसता."

माझ्याकडे उत्तर होतं. माझ्याकडे नेहमी असतं. पण ते मी दिलं नाही. मूस तिरकी करून पाहिली. तळाला टाकणखाराची काच होती, स्वच्छ.

"काही नाही," मी म्हणालो.

"बरं. दुकान बंद करा. घरी सोडतो."

मी दुकानाला कुलूप लावलं. गाडी बोळाच्या तोंडाशी उभी होती. त्यानं आतून हात लांबवून पुढचं डावं दार उघडलं. मी बसलो. सीट बसून बसून खोलगट झाली होती. दार ओढलं तर लागेना. वर उचलून आपटावं लागलं.

त्या बिजागऱ्या मी त्या सकाळीच पाहिल्या होत्या. बोललो असतो तर तेवढे पैसे तरी कमी झाले असते.